पोलीस-जनता संबंध (महाराष्ट्र)

महाराष्ट्रातील पोलीस-जनता संबंध या विषयात राज्यातील नागरिकांची पोलिसांविषयीची धारणा, पोलिसांची नागरिकांशी वागणूक आणि या दोहोंना वळण देणारे कायदे, न्यायनिवाडे व घटना यांचा समावेश होतो. महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीदवाक्य ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ असे आहे. सज्जनांचे रक्षण आणि दुर्जनांचे निवारण ही दोन कामे त्यात सांगितली आहेत. ठाण्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाची गणना या दोहोंपैकी कोणत्या गटात होते, यावर त्याचे पोलिसांविषयीचे मत बहुधा ठरते. मोठ्या गुन्ह्यांच्या तपासापेक्षा तक्रार नोंदवून घेतली जाते की नाही, रात्री ठाण्यात बोलावले जाते की नाही आणि कोठडीत काय घडते, या तीन गोष्टींनी हे मत अधिक घडविले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पेशवाईत पुण्याचा बंदोबस्त कोतवालाकडे असे. नाना फडणवीसांच्या काळातील कोतवाल घाशीराम सावळदास याच्या कारकिर्दीत १७९१ मध्ये पुण्यात आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना चोरीच्या संशयावरून एका अरुंद जागेत कोंडण्यात आले व त्यांपैकी अनेक जण गुदमरून मेले. संतप्त जमावाने दरबाराकडे शिक्षेची मागणी केली, घाशीरामाची धिंड निघाली आणि दगडांनी ठेचून त्याचा अंत करण्यात आला. कोठडीतील मृत्यू आणि त्याविरुद्ध उसळलेला लोकक्षोभ यांचे मराठी प्रदेशातील हे सर्वांत प्रसिद्ध जुने उदाहरण होय. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) या नाटकाने ते सर्वतोमुखी केले. नाटकातील घाशीराम आणि कागदपत्रांतील घाशीराम मात्र एकच नव्हेत.

ब्रिटिश अमदानीत पोलीस हे वसाहतीच्या शासनाचे हत्यार बनले. खुद्द त्या शासनालाही आपल्या पोलिसांवर पुरता भरवसा नव्हता. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम २५ ने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून अग्राह्य ठरविला, कारण तो मारहाणीने मिळविलेला असण्याची शक्यता गृहीत धरली गेली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही (कलम २३) हा नियम कायम आहे. पोलिसांवरील अविश्वास ही केवळ अशिक्षितांची भीती नसून दीडशे वर्षे कायद्यातच लिहिलेली गोष्ट आहे, हे येथे लक्षात घ्यावे लागते. लॉर्ड कर्झनच्या काळात नेमलेल्या फ्रेझर आयोगानेही (१९०२-०३) पोलीस दल अकार्यक्षम, भ्रष्ट व जाचक असल्याचा आणि जनतेचा त्यावर विश्वास नसल्याचा निष्कर्ष काढला होता.

काही समाजांच्या बाबतीत ही भीती पिढीजात ठरली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवून त्यांना पोलिसांकडे हजेरी देण्याची सक्ती केली. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, परंतु चोरी झाली की प्रथम पारध्यांच्या पालावर किंवा कातकऱ्यांच्या वाडीवर जाण्याची सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनात पोलिसांचे हे रूप आतून दिसते.

रायगड जिल्हा

तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात पोलिसांविषयीची सामूहिक स्मृती दोन गोळीबारांभोवती गुंफलेली आहे. उरण तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहाच्या वेळी अक्कादेवीच्या डोंगराजवळ झालेल्या गोळीबारात आठ सत्याग्रही मृत्युमुखी पडले. मामलेदारासह सरकारी बाजूचीही माणसे त्या दिवशी मरण पावली. चिरनेरला दरवर्षी हुतात्मा दिन पाळला जातो आणि स्मारकापुढे पोलीस दलाकडूनच बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदना दिली जाते.

दुसरी घटना स्वातंत्र्यानंतरची असल्याने तिचा अर्थ लावणे अधिक अवघड जाते. नवी मुंबईसाठी सिडकोने केलेल्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी उभारलेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातील जासई-दास्तान आणि नवघर-पागोटे परिसरात गोळीबार झाला व पाच शेतकरी ठार झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याच्या योजनेमागे या आंदोलनाचा दबाव होता. या दोन्ही घटनांत जमिनीचा किंवा जंगलाचा प्रश्न महसूल व नियोजन खात्यांनी निर्माण केला होता, पण लोकांना समोर दिसला तो पोलीसच.

आज उरण व पनवेल हे तालुके नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतात, तर पेण, रोहा व जिल्ह्याचा उर्वरित भाग अलिबाग येथे मुख्यालय असलेल्या जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत आहे. पेण तालुक्यातील डोलवीसारख्या गावांत पोलिसांशी येणारा संबंध शेतीप्रधान गावापेक्षा वेगळा आहे. मुंबई-गोवा महामार्ग, धरमतरची खाडी, मोठा पोलाद प्रकल्प, त्याची अवजड वाहतूक आणि परप्रांतांतून आलेले कंत्राटी कामगार यांमुळे अपघाताचा पंचनामा, भाडेकरूंची नोंद, गणेशोत्सवातील वाहतुकीचा बंदोबस्त आणि स्थानिकांच्या रोजगाराची आंदोलने ही येथील पोलिसांची नित्याची कामे झाली आहेत. औद्योगिक पट्ट्यात एक बाब विशेष निर्णायक ठरते. नोकरीसाठी तरुणाला पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो आणि आंदोलनात दाखल झालेला गुन्हा त्या दाखल्याच्या आड येऊ शकतो. ज्या नोकरीसाठी आंदोलन केले, तीच त्यामुळे दुरावण्याची भीती असते. म्हणूनच ‘आंदोलकांवरील गुन्हे मागे घ्या’ ही मागणी राज्यातील बहुतेक आंदोलनांच्या निवेदनांत आढळते.

गावपातळीवर पोलीस यंत्रणेचा पहिला दरवाजा म्हणजे पोलीस पाटील. वंशपरंपरागत पाटीलकी संपुष्टात आल्यानंतर महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ अन्वये हे पद नेमणुकीचे झाले. पोलीस पाटील गावचाच रहिवासी असल्याने कोणाची तक्रार ठाण्यापर्यंत जाईल आणि कोणाची चावडीवरच मिटेल हे पुष्कळदा त्याच्या शब्दावर अवलंबून असते. ही सोय आहे आणि दुर्बळ बाजूसाठी अडसरही. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेबाबतही असेच म्हणता येते. तिने किरकोळ वाद गावातच मिटविण्यास उत्तेजन दिले, परंतु बाई किंवा दलित कुटुंब एका बाजूला असता गावाने घडविलेला ‘समेट’ कितपत समान असतो हा प्रश्न मागे राहिला.

मथुरा प्रकरण

पोलिसांच्या वागणुकीविषयीच्या लोकमताने देशाचा कायदा बदलला, असे सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तत्कालीन चंद्रपूर (आता गडचिरोली) जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या नावाने ओळखल्या गेलेल्या आदिवासी मुलीला तिच्या भावाच्या तक्रारीवरून जबाबासाठी आणण्यात आले. जबाब झाल्यावर इतरांना बाहेर पाठवून तिला आत थांबवून घेण्यात आले. ठाण्यातच एका शिपायाने बलात्कार केल्याचा व एका हेड कॉन्स्टेबलने विनयभंग केल्याचा आरोप तिने केला. बाहेर थांबलेल्या नातलगांभोवती जमाव वाढत गेला आणि ठाणे पेटविण्याची भाषा सुरू झाली. त्यानंतर तिची फिर्याद नोंदविली गेली. हा जमाव जमला नसता तर ती फिर्याद कागदावर आली असती का, असा प्रश्न येथे पडल्यावाचून राहत नाही.

सत्र न्यायालयाने १ जून १९७४ रोजी आरोपींना निर्दोष ठरविले. मुलगी पूर्वीपासून शरीरसंबंधाला सरावलेली होती, असा आधार त्यासाठी घेण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी तो निर्णय फिरवून शिपायास पाच वर्षांची व हेड कॉन्स्टेबलला एक वर्षाची शिक्षा दिली. भीतीपोटी निमूट राहणे म्हणजे संमती नव्हे, हे या निर्णयाचे सूत्र होते. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात दोघांची मुक्तता केली. अंगावर जखमा नाहीत व प्रतिकाराची खूण नाही, हा त्यातील मुख्य युक्तिवाद होता.

उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी १६ सप्टेंबर १९७९ रोजी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या निकालावर टीका केली. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात, दोन गणवेशधारी पुरुषांसमोर असलेल्या गरीब आदिवासी मुलीकडून आरडाओरडीची अपेक्षा धरणे म्हणजे ठाणे हे तिच्यासाठी काय असते हेच न समजणे होय, असा त्या पत्राचा रोख होता. १९८० मध्ये मुंबईसह अनेक शहरांत स्त्रियांचे मोर्चे निघाले. १९८३ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र व अधिक कडक शिक्षेचा गुन्हा ठरविला. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असा नियम झाला. पीडितेची ओळख प्रसिद्ध करण्यावर बंदी आली. ज्या मुलीमुळे हे घडले तिला मात्र या बदलाचा कोणताही लाभ झाला नाही, निकाल तसाच राहिला.

अटक, कोठडी आणि तक्रार यांविषयीचे नियम

नंतरच्या बहुतेक संरक्षक तरतुदी न्यायालयांनी घालून दिल्या. कोठडीतील एका मृत्यूच्या प्रकरणात नागपूर खंडपीठाने १९९० च्या दशकात स्त्रियांच्या अटकेवर निर्बंध घातले. पुढे २००५ च्या दुरुस्तीने, अपवादात्मक परिस्थिती वगळता, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येणार नाही, अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आली. अपवाद करायचा तर महिला पोलीस अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक असते. डी. के. बसू निकालाने (१९९६) अटकेची नोंद, नातेवाइकास कळविणे व वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. ललिता कुमारी निकालाने (२०१३) दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच प्रथम माहिती अहवाल नोंदविणे सक्तीचे केले. तक्रारदाराला ‘एनसी’ म्हणजे अदखलपात्र नोंदीची पावती देऊन परत पाठविण्याची पद्धत लोकांच्या रोषाचे जुने कारण आहे, कारण अशा नोंदीवर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. सर्व ठाण्यांत सीसीटीव्ही बसविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला.

प्रकाश सिंग निकालानंतर (२००६) प्रत्येक राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण अपेक्षित होते. महाराष्ट्राने त्यासाठी २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, खंडणी अशा तक्रारी या प्राधिकरणाकडे करता येतात. गावखेड्यांतील अनेकांना ते अस्तित्वात आहे हेही ठाऊक नसते.

पोलिसांची बाजू

जनतेच्या रोषाचा मोठा भाग ज्याच्या वाट्याला येतो तो शिपाई स्वतःही व्यवस्थेत तळाशी असतो. बारा तासांची कामगिरी, अचानक रद्द होणाऱ्या रजा, अपुरी सरकारी निवासस्थाने आणि वरिष्ठांची अरेरावी या तक्रारींमधून १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईत पोलीस शिपायांचा उठाव झाला. तो मोडून काढण्यासाठी लष्कर पाचारण करावे लागले. पोलिसांच्या संघटनेचा प्रश्न तेव्हापासून दबलेलाच आहे. २०१६ मध्ये आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्या काळात मुंबईत देवनार ठाण्यापासून आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तोही एका शिपायाच्याच सूचनेवरून. गोविंद निहलानी यांच्या ‘अर्धसत्य’ (१९८३) या चित्रपटात अशा कोंडीतून हिंसक बनत जाणारा फौजदार आहे. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवर तो आधारलेला आहे.

विश्वासाचे प्रयत्न

भिवंडीत १९८४ च्या दंगलीनंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या स्थापन केल्या. त्यांत दोन्ही धर्मांतील सामान्य रहिवासी व त्या भागातील पोलीस नियमितपणे एकत्र बसत. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. मुंबईच्या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात पोलिसांच्या एका भागावर मुस्लिमविरोधी पूर्वग्रहाचा ठपका ठेवला. त्या दंगलींनंतर मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सतीश सहानी व सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीजवळ अजमल कसाबची बंदूक अंगावर गोळ्या झेलत धरून ठेवली आणि तो जिवंत पकडला गेला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. साध्या शिपाई-हवालदारांविषयी इतकी व्यापक कृतज्ञता महाराष्ट्रात क्वचितच व्यक्त झाली असेल. रायगड जिल्ह्यात सावित्री पूल दुर्घटना (२०१६), तळिये (२०२१) व इर्शाळवाडी (२०२३) येथील दरडी या प्रसंगी बचावकार्यात पोलीस लोकांसोबत होते. मार्च २०२० मधील टाळेबंदीत रस्त्यावर उठाबशा काढायला लावणारे पोलीस आणि स्थलांतरित मजुरांना अन्न वाटणारे पोलीस अशी दोन्ही दृश्ये एकाच आठवड्यात दूरचित्रवाणीवर दिसत होती.