आधी पाय टेकू द्या

आमच्या कांजूरमार्गच्या इमारतीतल्या वहिनी पन्नाशीत सायकल शिकणार आहेत. घरचे म्हणतात, यजमानांची जुनी २४ इंची आहे की! वहिनींनी मला विचारलं, आणि मास्तर म्हटल्यावर उत्तर इतिहासापासूनच सुरू होणार.

१८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइसने बनवलेल्या दुचाकीला पायडलच नव्हतं. पायांनी जमीन मागे रेटत जायचं. पुढे प्रचंड चाकाची उंच सायकल आली. तिच्यावरून पडणारा थेट तोंडावर, म्हणून ती धाडसी तरुणांपुरतीच राहिली. १८८५ मध्ये इंग्लंडात स्टार्लीने बुटकी, साखळीची 'रोव्हर' काढली. अशा सायकलींना नावच पडलं 'सेफ्टी'. १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला, आणि बायकाही मोठ्या संख्येने सायकलवर दिसू लागल्या.

आपली २४ इंची दणकट खरी, पण उंच, मध्ये आडवा दांडा. पोरं दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल शिकली. पन्नाशीत ते कसं जमणार? आणि या वयात मोडलेलं मनगट लवकर जुळत नाही.

म्हणून वहिनींना म्हटलं, खाली वाकलेल्या दांड्याची लेडीज सायकल घ्या. सीटवर बसून दोन्ही तळपाय जमिनीला टेकले पाहिजेत. सुरुवातीला पायडल काढून ड्राइससारखं रेटा. तोल आला की पायडल लावा, सीट थोडी वर घ्या. गिअरचं नंतर बघू.

तुमच्यापैकी कोणी मोठेपणी शिकलंय का? जरूर लिहा.