शाळेचं छप्पर

पेठ-सुरगाण्याकडच्या एखाद्या गावात ‘शाळा कुठंय?’ विचारलं, की बोट जिल्हा परिषदेच्या शाळेकडे जातं. बाकीच्यांचं नाव घ्यावं लागतं; हिला नुसतं ‘शाळा’ पुरतं.

संस्कृतात ‘शाला’ म्हणजे घर, दालन, छपराखालची जागा. शिकण्याचा अर्थ तिला ‘पाठ’ जोडल्यावर येतो. गायींची गोशाळा, यात्रेकरूंची धर्मशाळा, नाणी पाडायची टंकशाला. या शेवटच्या शब्दाची मराठीत टांकसाळ झाली, आणि होळकरांची टांकसाळ आपल्या चांदवडलाच होती. पाठशाळेतला ‘पाठ’ मात्र बोलता बोलता गळाला आणि आपला अर्थ उरलेल्या शब्दाला देऊन गेला. मला हे फार विलक्षण वाटतं.

नाशिककरांना तर हा शब्द दगडात कोरलेला वाचता येतो. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे त्यानं ‘चतुशाला’ बांधल्याची नोंद त्यात सापडते. चारी बाजूंना दालनं, मध्ये चौक, वाटसरूंना मुक्काम. आपला चौसोपी वाडा डोळ्यांपुढे आणावा. यातलं गोवर्धन नाशिकजवळचंच. सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या या ‘शाले’त पाटी नाही, पुस्तक नाही, थकल्या माणसाला निवारा आहे.

‘जिल्हा परिषद’ हे नाव त्यामानानं कालचं, १ मे १९६२ चं. त्याआधी खेड्यात ‘लोकल बोर्डाची शाळा’ किंवा ‘स्कूल बोर्डाची शाळा’, शहरात ‘म्युन्सिपाल्टीची’, आणि इंग्रजी शाळेहून वेगळी ओळखू यावी म्हणून ‘मराठी शाळा’. सातवी उतरलेला माणूस ‘फायनल झालेला’ असे. व्हर्नाक्युलर फायनल परीक्षेतला ‘फायनल’ तेवढा लोकांनी ठेवून घेतला. ‘जिल्हा’ अरबीतून आला, मूळ अर्थ बरगडी, बाजू. ‘परिषद’ म्हणजे भोवती बसणं. कागदोपत्री हा शब्द कचेरीचा झाला, पण एकशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीची पोरं एकाच गुरुजींभोवती बसलेली दिसतात, तेव्हा तो पुन्हा आपल्या धात्वर्थाला जागतो.

पेठ-सुरगाण्याच्या भागात आणखी एक जोडशब्द रुळला आहे, आश्रमशाळा. दिवाळीनंतर आई-बाप द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. मागे राहिलेलं मूल आश्रमशाळेत शिकतं, तिथंच जेवतं, तिथंच निजतं. सुट्टीत आई न्यायला येईपर्यंत त्याची वळकटी त्या छपराखालीच असते.