मनोरा आहे, समुद्र कुठाय?

कुलाब्याच्या अफगाण चर्चचा जुना फोटो हाती लागला की आधी मनोरा बघायचा. चर्च १८५८ साली सुरू झालं, पण मनोरा पुरा व्हायला १८६५ उजाडलं. म्हणजे फोटोत मनोरा अर्धवट दिसला तर तो या सात वर्षांतला. आमच्या धंद्यात याला व्हर्जन नंबर म्हणतात :)

सध्या वीकांताला माझा हाच उद्योग चाललाय. नेटवरचे एकोणिसाव्या शतकातले फोटो घ्यायचे, जमेल तितकं त्याच जागेवरून आपण काढायचे आणि एकावर एक ठेवून बघायचे. (खोपोलीकराचा अर्धा रविवार लोकलमध्येच जातो, ते सोडा.) चर्च बरोब्बर जुळतं. आजूबाजूचं काही म्हणता काही जुळत नाही. तेव्हा भोवती मोकळी जमीन होती आणि वर आकाशच आकाश. आता अख्खा मनोरा फ्रेममध्ये घ्यायचा तर फांद्या चुकवत मागे मागे सरकावं लागतं.

आमच्या बोरघाटात नेमकं उलटं झालंय. १८३० चा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला. आता आधीचे-नंतरचे फोटो शेजारी ठेवा, डोंगर तोच आहे, पूल गायब!

गंमत म्हणजे कुलाब्याचा मनोरा मुळात लांबून दिसण्यासाठीच होता. सरकारने जागा दिली तीच या अटीवर, की मनोरा उंच हवा, बंदरात येणाऱ्या जहाजांना खूण म्हणून दिसला पाहिजे. म्हणून तो चांगला ६० मीटर उंच आहे. पुढे विसाव्या शतकात पश्चिमेला भराव पडत गेला, कफ परेडच्या पलीकडचा समुद्र हटला आणि तिथे वर्ल्ड ट्रेड सेंटरसारख्या इमारती उभ्या राहिल्या. तो टॉवर दीडशे मीटरच्या वर आहे. त्याच्यापुढे आपला मनोरा म्हणजे कंपाउंडचा खांब.

असो. इतके फोटो जुळवले, पण या चर्चबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बाहेरून काढलेल्या एकाही फोटोत येत नाही. हे चर्च म्हणजे सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत (१८३८-४३) मेलेल्यांचं स्मारक. आत अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. खालच्या हुद्द्यांच्या लोकांबद्दल आणि साध्या शिपायांबद्दल लेखात एवढंच म्हटलंय, की ते इतके होते की त्यांची नावं अशी लिहिणं शक्य नाही. तलवारीने किंवा आजाराने मेले, बस्स.

६० मीटरचा मनोरा बांधला, आणि नावांना भिंत पुरली नाही! त्या मोहिमेवर मुंबईची फौज सिंधमार्गे गेली होती, आणि त्या काळी मुंबईच्या फौजेत आपल्या कोकणातल्या शिपायांचा भरणा मोठा होता. पुढच्या रविवारी कॅमेरा पिशवीतच ठेवून आत जाणार आहे, तो लेख पुन्हा सावकाश वाचायला.