कुठल्या समुद्रापासून उंची?

पावसाळ्यात बातमी येते: शहापूरचा तानसा 128.63 मीटरला भरून वाहू लागला. ही उंची समुद्रसपाटीपासूनची नाही. ती मोजली आहे मुंबईच्या टाउन हॉलवरच्या खुणेशी जोडलेल्या शून्यापासून, आणि ते शून्य समुद्राच्या सरासरी पातळीच्या सुमारे 80 फूट खाली मानलेलं आहे. आपल्या तालुक्यातलं पाणी, पण मोजायचं मुंबईच्या दारातून! 1892 पासून हे पाणी उतारानेच मुंबईला वाहतं आहे, आणि उन्हाळ्यात शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते.

देशाचं शून्य वेगळं. कराची, मद्रास अशा नऊ बंदरांतली सरासरी पातळी एकच आहे असं धरून ते 1909 मध्ये ठरलं. पण समुद्र सगळीकडे सारखा नसतो. वारा, खारटपणा, तापमान, प्रवाह यांनी फरक पडतो.

जमिनीवर पट्टी धरत धरत जाता येतं. मध्ये सामुद्रधुनी आली की पट्टी रोवणार कुठे? दहा किलोमीटरवर पृथ्वीच्या गोलाईनेच सुमारे आठ मीटरचा फरक पडतो, त्यात हवा प्रकाश वाकवते. म्हणून दोन्ही काठांवरून एकाच वेळी एकमेकांकडे दुर्बीण लावतात, म्हणजे दोन्ही चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात. डेन्मार्कने 1930 च्या दशकात ग्रेट बेल्टच्या तळाशी पाण्याची नळीच टाकली. आपला गवंडी जोत्याची लेव्हल घेतो तीच युक्ती. आता उपग्रहही आहेत, पण त्यांना गुरुत्वाकर्षणाचा हिशेब जोडावा लागतो.

चुकलं तर काय होतं, हे सुएझला दिसलं. तांबडा समुद्र उंच आहे, कालवा खणला तर मिसरमध्ये खारं पाणी शिरेल, ही भीती ॲरिस्टॉटलने नोंदवली, अल-बिरुनीनेही. (याच अल-बिरुनीने आजच्या पाकिस्तानातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून पृथ्वीची त्रिज्या काढली होती.) 1799 मध्ये नेपोलियनच्या इंजिनिअरांनी, लढाईच्या धामधुमीत, घाईघाईने मोजणी केली आणि फरक काढला जवळपास 10 मीटर! लाप्लास आणि फूरिए यांना तो पटला नाही, तरी आकडा छापला गेला आणि टिकला. 1847 मध्ये बुर्दालूने पुन्हा मोजलं, तेव्हा दोन्ही समुद्र जवळजवळ सारखे निघाले. कालवा 1869 मध्ये उघडला, आणि त्यावर एकही लॉक बांधावं लागलं नाही.