पेशीनें कापलेली पोथी

देहांत शिरणारे शत्रू अगणित, आणि त्यांना ओळखणाऱ्या प्रतिद्रव्यांचे प्रकारही कोट्यवधि. मग जनुकें मात्र मोजकीं कशीं? १९६५ सालीं ड्रायर व बेनेट यांनीं सुचविलें कीं, प्रतिद्रव्याची एकेक शृंखला दोन जनुकांच्या संयोगानें घडत असावी. जनुक जन्मभर अचल, अशी त्या काळची दृढ श्रद्धा. तेव्हां ही कल्पना पुष्कळांना पाखंडी वाटली. पुरावा मिळाला तो १९७६ सालीं, स्वित्झर्लंडांतील बाझल येथें. नोबुमिची होझुमी व सुसुमु तोनेगावा यांनीं उंदराच्या गर्भांतील आणि प्रतिद्रव्य निर्मिणाऱ्या अर्बुदांतील डीएनए ताडून पाहिलें. गर्भांत दूर असलेले तुकडे अर्बुदांत जुळलेले! पेशीनें आपली पोथी स्वतःच कापून जोडली होती.

परंतु जोडणी म्हणजे कांहीं वाचन नव्हे. प्रत्येक व्ही-खंडाआधीं वाचन आरंभणारा प्रवर्तक असतो. एकटा तो दुर्बळच. त्याचें बळ वाढविणारा वर्धक १९८३ सालीं सांपडला, तोही जड शृंखलेच्या जनुकाच्या पोटांत, जे व सी खंडांच्या मधल्या भागांत. खंड जुळतांच दूरचा प्रवर्तक वर्धकाच्या टप्प्यांत येतो, आणि तेंच प्रतिद्रव्य बी पेशीच्या पृष्ठावर ग्राहक म्हणून प्रकटतें. निसर्गाची काटकसर पाहावी: रचना नि आज्ञा एकाच कृतींत! १९८४ सालीं टी पेशींच्या ग्राहकाचीं जनुकें हातीं आलीं. तींही अशींच विखुरलेलीं निघालीं.