संग्राहकांनी राखलेला मराठवाडा

पुण्यात १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, धुळ्यात १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ. मराठवाडा तेव्हा निजामाच्या संस्थानात होता. संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने गुलाम याझदानी यांच्या नेतृत्वाखाली अजिंठ्याच्या चित्रांवर मौलिक काम केले. परंतु खात्याचे केंद्र हैदराबादेत होते. पावसाळ्यात पांढरीच्या टेकाडांतून उघडे पडणारे मणी, नाणी, मृण्मूर्ती वेचून ठेवण्याचे काम साहजिकच हौशी संग्राहकांकडे आले.

धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी, तर पैठणला बाळासाहेब पाटील यांनी असे संग्रह उभे केले. दोन्ही आज त्यांच्याच नावांची शासकीय संग्रहालये आहेत. छत्रपती संभाजीनगरमध्ये डॉ. शांतिलाल पुरवार यांचा संग्रह प्रसिद्ध आहे. याच शहरात सोनेरी महालात राज्य पुरातत्त्व खात्याचे, तसेच विद्यापीठाचे इतिहास संग्रहालय आहे. संशोधकांना आणि इतिहासाच्या प्राध्यापकांना एकत्र आणण्याचे काम मराठवाडा इतिहास परिषद करते.

संग्राहकांचे ऋण मोठे, पण त्यांच्या पद्धतीला एक मर्यादा आहे. वेचलेल्या वस्तूबरोबर तिचा थर येत नाही. हस्तिदंती स्त्रीमूर्तींचे उदाहरण बोलके आहे. तशी एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे सापडली. ते नगर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेल्याने मूर्ती त्यापूर्वीची, हे निर्विवाद ठरले. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती लामतुरे संग्रहात आहे. ती सुंदर आहे. मात्र तिचा काळ ठरविण्यास शैलीचाच आधार घ्यावा लागतो. याउलट जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी १९७३ मध्ये केलेल्या उत्खननात याच घडणीची भग्न मूर्ती मिळाली. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या अहवालात तिची नोंद आहे. तुकडा लहान असला, तरी अभ्यासकाला तो अधिक सांगतो.

पैठणबाबत ही उणीव उशिरा का होईना, काही अंशी भरून निघत आहे. नागघाट परिसरात राज्य पुरातत्त्व खाते व ब्रिटिश संशोधकांनी १९९६ ते १९९८ दरम्यान केलेल्या उत्खननाचा सविस्तर अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पाटील संग्रहातील वस्तू आता त्यातील थरांशी ताडून पाहता येतील.