दारूबंदी सैल झाली, धंद्याची वाट बदलली

‘नवटाक’ हे मूळचे मापाचे नाव. दारूबंदीच्या मुंबईत ते चोरट्या दारूच्या पेल्याला चिकटले. काळाचौकी, लालबाग, परळ या गिरणी कामगारांच्या वस्तीला हा शब्द चांगलाच परिचित होता.

खेर मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. मंत्रिमंडळाच्या राजीनाम्यानंतर ती टिकली नाही. पुढे मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ संमत झाला आणि एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण बंदी आली. गृहमंत्री मोरारजी देसाई तिचे खंदे पुरस्कर्ते होते.

मागणी मात्र आटली नाही. काळा गूळ व नवसागर यांपासून हातभट्टीची दारू निघे आणि रबरी ट्यूबमधून गुत्त्यांपर्यंत पोहोचे. या व्यवसायातून तीन गोष्टी हाती येत : रोकड, निष्ठावान माणसे आणि हप्त्याने बांधलेली यंत्रणा.

या भांडवलाचे पुढे काय झाले, याचे ठळक उदाहरण म्हणजे वरदराजन मुदलियार. बोरीबंदर स्थानकावरील हमाल असलेल्या वरदराजनचा धारावी, सायन-कोळीवाडा, अँटॉप हिल परिसरात हातभट्टीच्या दारूवर जम बसला. त्यानंतर तो गोदीतील मालाची चोरी, तस्करी व झोपडपट्टीतील जागांच्या व्यवहारांकडे वळला. माटुंग्याच्या गणेशोत्सवाने त्याला प्रतिष्ठाही दिली. ऐंशीच्या दशकात पोलिसी कारवाईमुळे त्याने मुंबई सोडली. १९८८ मध्ये मद्रास येथे त्याचे निधन झाले.

दरम्यान, साठच्या दशकात परवाना पद्धती सैल झाली व १९७३ च्या नियमांनी देशी दारूच्या विक्रीला चौकट मिळाली. चोरट्या दारूचा नफा घटला, पण तिने उभारलेले जाळे मोडले नाही. राज्याच्या १९८१ च्या स्थानबद्धता कायद्याने, म्हणजेच ‘एमपीडीए’ने, झोपडपट्टी दादा व हातभट्टीवाले यांना एकाच शीर्षकात बसविले, हे बोलके आहे.

अमेरिकेत १९२० ते १९३३ या बंदीकाळात दारूची तस्करी करणारा मो डॅलिट्झ पुढे लास व्हेगासमधील ‘डेझर्ट इन’ या अधिकृत जुगारगृहाचा चालक झाला. तेथे नेवाडा राज्याने जुगाराला कायदेशीर मान्यता दिली होती. मुंबईत वरदराजनसारख्यांच्या पैशाला मात्र बव्हंशी दुसऱ्या बेकायदा व्यवसायाचीच वाट सापडली.

वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. बंदी लादताना वा उठविताना चर्चा होते ती महसुलाची आणि आरोग्याची. त्या काळात उभी राहिलेली माणसे व पैसा पुढे कोठे जातो, हा मुंबईने अनुभवलेला प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.